याडीचं शून्य

"नवऱ्याचं नाव सांग."

पुसदच्या एका दवाखान्यात, स्मरणशक्ती तपासायच्या टेबलापाशी, डॉक्टरनं माझ्या याडीला असं विचारलं. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. तिनं ओढणी डोळ्यांवर ओढली. तिच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, चारचौघांत तर नाहीच. डॉक्टर शिकाऊ पोरांकडे वळून हसला. "घ्या! नवराच विसरली!" पोरंही हसली. कागदावर शून्य पडलं.

मग घड्याळ काढ म्हणे. याडीनं जन्मात पेन्सिल धरली नव्हती. ती पेन्सिल मुठीत घेऊन माझ्याकडे बघत राहिली. "मले नाही येत, साहेब." पुन्हा शून्य. पुन्हा हसू.

मी मध्ये बोललेच. "सर, थे खरंच विसरून राह्यली. लग्नात नवरीले रडवणारा ढावलो थेच गाये. औंदा मधातच थांबली. परवा घरचा रस्ता चुकली."

"गाणंबिणं ह्यात धरत नाहीत. तांड्यातल्या सगळ्यांना शून्यच पडतं, हिला काही झालेलं नाही. आणि ह्यांच्याकडे विसरण्यासारखं असतं तरी काय?"

अंगाची लाही लाही झाली. याडीचा हात धरून उठले. औषध नाही, पुन्हा या म्हणून चिठ्ठी नाही. परतीच्या जीपमध्ये याडीनं हळूच विचारलं, मी नापास झाली का.

घरी सगळ्यांनी डॉक्टरचा शब्द खरा धरला. हिला काही झालेलं नाही ना? मग नाटकं करते. वहिनी तिच्या तोंडावर तसं म्हणायची. याडी भाजीत दोनदा मीठ टाकायची आणि शिव्या खायची.

पुढे तीच चाचणी गोरबोलीत आणायला शहरातून एक मॅडम आल्या. बोली येते, शिकलेली आहे, म्हणून मला कामावर घेतलं. "शब्दाला शब्द ठेव," त्यांनी बजावलं. "चाचणी बदलायची नसते." पहिली तपासणी आमच्याच तांड्यात. समोर शेजारची काकी. मी विचारायचं, मीच गुण मांडायचे. नवऱ्याच्या नावाचा प्रश्न आला. काकीनं ओढणी ओढली, अगदी याडीसारखी.

मॅडम हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "शून्य मांड."

माझं डोकंच फिरलं. पेन खाली ठेवला.

"नाही मांडत. हा प्रश्न काढा. घड्याळही काढा. तिले ढावलो विचारा, माहेरचा तांडा चालवणारा नायक कोण होता ते विचारा. सगळ्याइले शून्य देता, मंग खरी बिमार बाई तुम्हाले दिसन कशी?"

"तू भाषांतरासाठी आहेस."

"मंग तुम्हीच करा भाषांतर."

काम गेलं. गेलं तर गेलं.

आता याडी दारात बसून मलाच विचारते, तू कोणाची पोरगी. आणि मी चाचणी तयार करते आहे. गोरबोलीत. दारव्ह्यापासून पुसदपर्यंत तांड्यातांड्यात जाऊन म्हाताऱ्या बायांना विचारते, त्यांना काय आठवतं, काय आधी निसटलं. कोणाची परवानगी घेतलेली नाही. घेणारही नाही.

ती झाली की याडीला घेऊन मी त्याच टेबलापाशी जाणार आहे. त्या डॉक्टरसमोर तिला एकेक विचारणार. ढावलो. माहेरचा नायक. पोरांची नावं. तिला यातलं काहीच येणार नाही, मला माहीत आहे. ते शून्य मी माझ्या हातानं मांडीन. आणि ती काय काय विसरली, ते शेवटपर्यंत त्याला ऐकायला लावीन.