दावणीची गाडी

माझ्या मेव्हण्याएवढा गुरांचा जाणकार अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्याच्या गोठ्यात आज साधी शेळीसुद्धा नाही. गोठाच नाही. कसबा बावड्यात जिथं त्याची बैलजोडी बांधलेली असायची तिथं आता तीन मजली अपार्टमेंट उभं आहे आणि गव्हाणीच्या जागेवर कुणाची तरी मोटार लागते. जमीन गेली, जनावरं गेली, पण त्यांची विद्या ह्याच्या अंगात तुंबून राहिली. ती कुठनं तरी बाहेर पडणारच. त्यामुळं हा माणूस जगातली प्रत्येक वस्तू जनावर समजून बघतो, आणि प्रत्येक व्यवहार गुरांचा बाजार समजून करतो. मी आपला शिरोलीत फौंड्रीत साचे भरत म्हातारा झालेला माणूस. सातवीत शाळा सुटली. मला लोखंड कळतं, माणसं फार कळत नाहीत. पण एवढं सांगतो, की ह्याच्याबरोबर बाजाराला जायचं तर तोंडावर टॉवेल घेऊन जावं.

त्याच्या घरी फ्रीज घ्यायचं ठरलं तेव्हा मला बरोबर नेलं होतं. दुकानात शिरल्यावर ह्यानं आधी लांबनंच डोळे बारीक करून बघितलं. मग फ्रीजभोवती एक फेरा मारला, पाठीवर थाप टाकली, दार उघडून आत मान घातली आणि कप्पे एकेक करून असे चाचपले की जसे काही दातच मोजतोय. शेवटी मागची वायर हातात धरून पिळली. दुकानदार घाबरला. "काका, वायर कशाला पिळताय?" तर हा म्हणतो, "शेपूट पिळल्याबिगर चपळाई कळती व्हय? आणि हे बघा, खोड काय असंल ती आत्ताच सांगा. मागनं कळली तर तुमच्या दारात परत आणून बांधीन." दुकानदारानं सरळ वॉरंटीचा कागद काढून दिला. ह्यानं तो उलटासुलटा बघितला आणि मला हळूच म्हणाला, "दाजी, गुण लिवल्यात, खोड लिवलेली न्हाई. लबाड हाय."

त्याच्या पुतणीला बघायला पोरगा आला तेव्हाची तऱ्हा तर विचारू नका. पोरगा बँकेत क्लार्क, गोरागोमटा, चष्मा लावलेला. सगळे पगार विचारतायत, शिक्षण विचारतायत, आणि हा त्याच्या पाठीमागं उभा राहून, बैलाचा बघतात तसा केसातला भोवरा बघतोय. मग म्हणाला, "पावणं, जरा दारापर्यंत चालून दावा की." पोरगा बिचारा चालला. परत आला. ह्यानं भर बैठकीत निकाल दिला, "चाल सरळ हाय. मारका वाटत न्हाई. फकस्त खांदं पडल्यात, जास्त ओझं टाकू नका." माझी बायको पदर तोंडात कोंबून आत पळाली. ती ह्याची थोरली बहीण. भावाला दुसरं कुणी हसलेलं तिला खपायचं नाही, पण स्वतः मात्र चुलीमागं बसून डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसायची. लग्न झालं, आणि पोरगा खरोखर स्वभावानं गरीब निघाला, हे वेगळं.

मला ताप आला की डॉक्टरच्या आधी हा हजर. आल्या आल्या माझा कान धरायचा, गरम आहे का गार ते बघायचा आणि माझ्या बायकोला विचारायचा, "अक्का, रवंथ करत्यात का?" तीसुद्धा सरळ तोंडानं सांगायची, "सकाळधरनं बंद हाय रं." बहीणभावंडांच्या ह्या दवाखान्यात मी तीन दिवस जनावर होऊन पडून राहायचो आणि बरा व्हायचो. तिच्या स्वतःच्या आजारात मात्र ह्यानं कुणाचा कान धरला नाही. दवाखान्यात भिंतीला टेकून फरशीवर बसायचा. जनावराचा एक शब्द बोलला नाही. ह्याच्या आत काय चाललंय ते तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं.

आता गाडीचं सांगतो. माझी मोटारसायकल जुनी, काळी, टाकीला लाल पट्टा. हिच्यावरनं बायको माझ्या मागं डाव्या अंगाला पाय सोडून बसून बाजार, देव, माहेर, दवाखाना सगळं फिरली. मेव्हण्याकडं बैल होते तोवर त्यानं गाडीकडं ढुंकून बघितलं नाही. बैल विकले त्या साली बेंदराला, बैलांच्या सणादिवशी, सकाळी सकाळी तो माझ्या दारात आला. हातात हिंगुळाचा डबा, खांद्यावर बैलाची झूल. म्हणाला, "दाजी, बेंदूर मोकळा जाऊ द्यायचा न्हाई. गाडी सोडा." गाडीला न्हाऊ घातलं, हँडलची दोन्ही टोकं शिंगासारखी लालभडक रंगवली, सीटवर झूल टाकली. बायकोनं ओवाळलं आणि हेडलाइटला पुरणपोळी लावली. मी म्हणालो, "खुळी झालीस का? काच चिकट होतीया." ती म्हणाली, "खाऊ द्या की तिला. वरीसभर पेट्रोलच पितीया." त्या दिवसापासनं गाडी माझी, पण जनावर त्याचं. दर वर्षी फुल इन्शुरन्ससुद्धा तोच काढायचा. शोरूमचा माणूस म्हणायचा, एवढ्या जुन्या गाडीला फुल कशाला? हा म्हणायचा, "म्हाताऱ्या जनावरालाच जपाय लागतं, तरण्याला कोन बी जपतंय."

बायको गेली. त्यानंतर मी गाडीला किक मारली नाही. मागची सीट दिसली की मी तोंड वळवून आत जायचो. जायचं तरी कुठं? पण हा रोज सकाळी यायचा. गाडी पुसायचा, हवा बघायचा, चहा प्यायचा. "उभं जनावर आखडतं" असं म्हणून एक चक्कर मारून आणून परत लावायचा. मी मनात म्हणायचो, ह्याला बहिणीचं काही नाही, गाडीचंच वेड जास्त.

उसाचा हंगाम चालू होता. असाच एके दिवशी तो गाडी घेऊन गेला आणि पायी परत आला. दारात उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "दाजी, आपली गेली." आता आणि कोण गेलं? "कोण रं?" तर म्हणतो, "गाडी. चिंचंखाली बांधलीती. मी च्या प्याय गेलतो. उसाची ट्रॉली मागं घेताना वर चढली. लई वरडली न्हाई वं. एकदाच करकरली." 'लावली' नाही, 'बांधली'. माणूस शुद्धीवर नव्हता, तरी भाषा शुद्धीवर होती.

गाडी गॅरेजात नेली. पुढचं चाक पोटात गेलेलं, टाकी चेपलेली, चासी म्हणजे सगळा सांगाडाच वाकलेला. इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला. तरणाबांड, पॅन्टला इस्त्री, हातात टॅब. फोटो काढून झाले तसं त्यानं मला सांगायला तोंड उघडलं, तोवर मेव्हण्यानं पुढं होऊन त्याचा हात धरला आणि वर आपला टॉवेल टाकला. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकाची बोटं दाबून करतात, शेजारच्याला कळू नये म्हणून. हे सर्व्हेअरला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो नुसता लाल झाला. "काका, काय करताय? हात सोडा!"

"बोल की," मेव्हणा म्हणतो, "दोन बोटं धरू का तीन?"

"अहो, कॅमेरा आहे इथं!"

गॅरेजवाला खाली पाना शोधायचं निमित्त करून बसला, हसू दिसू नये म्हणून. मेव्हण्यानं हात सोडला आणि मला कानात सांगितलं, "बोटं लई थंड हायती दाजी. ह्याच्या हातात भाव न्हाई, वरनं ठरतोय." आणि ते खरंच होतं. सर्व्हेअरनं मग दोन पावलं लांब उभं राहून समजावलं. दुरुस्तीला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो, म्हणून टोटल लॉस. एक तर गाडी कंपनीला द्या आणि पूर्ण पैसे घ्या, त्यात नवीसाठी काही घाला. नाही तर गाडी ठेवा, भंगाराची किंमत कापून पैसे घ्या आणि आपल्या खर्चानं नीट करा. आठ दिवसांनी येतो, सही तयार ठेवा.

मी तिथंच म्हणालो, "न्या गाडी." मला सुटका पाहिजे होती. पुण्यातनं पोराचा फोन आला, "पप्पा, इलेक्ट्रिक घ्या, त्रास नाही." मेव्हणा दुसऱ्याच दिवशी मला इलेक्ट्रिक स्कूटर बघायला घेऊन गेला. मला वाटलं, मानलं ह्यानं. शोरूमच्या पोरीनं बटण दाबलं आणि सांगितलं, "काका, चालू आहे." हा वाकून कान लावून बसला. "कुठं चालू हाय? हुंकार न्हाई, धूर न्हाई. जित्ती हाय का मेली हे मालकाला कळायचं कसं?" तिनं चार्जरची वायर दाखवली. म्हणाला, "रातभर एकच काडी चघळती म्हणा की. दाजी, ही आजारी हाय. चला."

रस्त्यात मी चिडलो. "लेका, तुला काय करायचंय? गाडी माझी, बायको माझी गेली. मागची सीट रोज मला दिसती, तुला न्हाई. मला नको ती दारात." त्यानंतर चार दिवस तो आला नाही. सकाळी चहाचं आधण दोन कपांचं ठेवायची सवय लागली होती, त्यातला एक कप गटारीत ओतताना मला कळलं की घरात आता बोलायलाच कुणी नाही. तरी म्हटलं, असू दे.

ठरल्या दिवशी सर्व्हेअर गॅरेजवर आला, भंगाराचा टेम्पो बरोबर घेऊन. मेव्हणा आधीच येऊन गाडीजवळ उकिडवा बसला होता. तुटक्या आरशावरची धूळ पुसत होता. सर्व्हेअरनं मला पेन दिला.

मेव्हणा वर न बघता म्हणाला, "करा सही दाजी. उद्यापास्नं मी यायचं बंद करतो."

"नको येऊस," मी म्हणालो. "गाडीसाठीच येत हुतास न्हवं?"

"व्हय. गाडीसाठीच." मग थोड्या वेळानं म्हणाला, "बहीन असंस्तवर भावाला दार उघडं असतंय. बहीन गेल्यावर त्या घरात रोज कुठल्या नात्यानं जायचं वं? लोक इचारत्यात. घरात बायको इचारती, आता तिथं काय ठेवलंय? मी सांगतो, गाडी पुसाय जातो. ती गेल्यावर काय सांगू?"

गॅरेजवाल्यानं रेडिओ बंद केला. सर्व्हेअर उगाच टॅबवर बोट फिरवत राहिला. आणि मी, मोठा लोखंड कळणारा माणूस, पेन हातात धरून तसाच उभा. मी पेन सर्व्हेअरच्या खिशाला परत अडकवला आणि म्हणालो, "कापून काय द्यायचं ते द्या. गाडी ऱ्हाऊ दे."

मेव्हण्यानं टॉवेलानं तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि तोच टॉवेल घेऊन उठला. "व्हय का? मग भंगाराचं किती कापतोस, आण हात." सर्व्हेअरनं दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घातले आणि टेम्पोच्या मागं जाऊन उभा राहिला. तिथनंच ओरडून त्यानं जे कापायचं ते कमीत कमी लावायचं कबूल केलं. बाजारात ह्याला कुणी हरवलेलं मी अजून बघितलेलं नाही.

गाडी नीट व्हायला बराच वेळ गेला. गॅरेजवाल्यानं देताना स्वच्छ सांगितलं, "चासी सरळ केलीय, पण थोडी डावीकडं ओढंल. ह्याच्यावर इलाज न्हाई. सावकाश चालवा." मी किक मारली. तिसऱ्या किकेला लागली. मेव्हणा मागं बसला आणि आम्ही नदीच्या अंगाच्या रस्त्याला लागलो. खरंच, हँडल जरा ढिलं सोडलं की गाडी डाव्या अंगाला जायची. मी वैतागून दोनदा जोरात उजवीकडं ओढली.

"दाजी, हिसकू नका," मागनं आवाज आला. "जोडीतला एक बैल गेला की ऱ्हायलेला गेलेल्याच्याच अंगाला ओढतोय. गाडीला जुपा, नांगराला जुपा, त्याच अंगाला. त्याला मारायचं नसतं. त्याच्या चालीनं जाऊ द्यायचं."

"किती दिवस?"

रस्त्यात एक खड्डा आला, तो मी चुकवला.

"त्ये काय सांगता येत न्हाई," तो म्हणाला. आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बायको धरायची तसा नव्हे. थकलेल्या बैलाच्या वशिंडावर ठेवतात, तसा, जड आणि उबदार. मी हँडल सैल सोडलं. गाडी हळूहळू डाव्या अंगानं चालत राहिली.