कानाने कागद ओळखणारी आत्या

माझी आत्या कागद कानाने ओळखायची. कागदगिरणीत ती रद्दी निवडायला होती. कागद कानाशी धरून चुरगळायचा आणि निकाल द्यायचा: "हा करकरतो, वेगळा ठेवा. हा पुटपुटतो, लगद्यात जाऊ दे." तीस वर्षांत तिचा कान चुकला नाही. नवऱ्याचं बोलणं तेवढं तिला ऐकू येत नसे.

तेव्हा रद्दी आमच्याच गावची असे. शाळेच्या वह्या, लग्नपत्रिका, क्वचित प्रेमपत्रं. जेवणाच्या सुट्टीत बायका ती मोठ्याने वाचत आणि गिरणीमागच्या विहिरीचं पाणी पीत. त्या पाण्याच्या चहाला साखर कमी लागते, असं त्या शपथेवर सांगत. मीही प्यायलोय, साखर नेहमीसारखी दोन चमचेच लागायची, पण ते पाणी पुन्हा मिळालं नाही.

पुढे सरकारने रद्दीवरचं आयातशुल्क उठवलं. समुद्र ओलांडून आलेली रद्दी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यापेक्षा स्वस्त पडू लागली. हे कसं, ते ज्याला कळलं तो व्यापार खात्यात गेला असावा. गठ्ठ्यांत निम्मा कागद, निम्म्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. पिशव्या विहिरीपाशी जाळत. दोन वर्षांत पाणी कडू झालं.

तक्रारी झाल्या, तपासनीस आला. कायद्याने कचरा आणायला बंदी होती, कच्चा माल आणायला मुभा. गठ्ठ्यांत नेमकं काय, यावर निवडणारीची सही हवी होती.

मुकादम आत्याच्या कानाशी लागला. "मावशी, कच्चा माल म्हणा. नाहीतर माल परत, गिरणी बंद. चाळीस घरांचा प्रश्न आहे."

"त्यात माझंही घर आलं, मुकादम. मोजता येतं मला."

तिने एक पिशवी उचलून कानाशी चुरगळली.

"काय म्हणते?" तपासनीसाने हसत विचारलं.

"बडबडते फार. पण कागद नाही ही. कचरा लिहा साहेब, तीनच अक्षरं आहेत. शाई वाचेल."

माल परत गेला नाही. पुढच्या बंदरातल्या गिरणीत गेला. आमची बंद पडली. बायकांनी आत्याशी बोलणं टाकलं. ती रोज विहिरीतून वीस बादल्या उपसून ओतून द्यायची. उपसल्याशिवाय नवं पाणी येणार कुठून, असं तिचं म्हणणं.

चौथ्या महिन्यात मुकादमाची बायको काठाशी थांबली. "अजून कडूच का?"

"कडूच."

"सरका मग. तुमच्या वेगाने जन्म जाईल," म्हणत तिने दोर हातात घेतला.