बडगीवरचा मोर

तोताराम मास्तरांना कोरी वस्तू बघवत नसे. वरणगावच्या अलीकडच्या एका गावात ते शाळेत चित्रकला शिकवत, आणि त्या शाळेत त्यांच्या कुंचल्यातून वाचलेले एकटे हेडमास्तरच. पाण्याच्या माठांवर पोपट होते, खडूच्या पेटीवर गुलाब होता, घंटेच्या हातोडीवरही वेलबुट्टी होती. घरी पुष्पाबाई नवं सूप आणलं की आधी लपवून ठेवत. "यावर हरीण काढलंत ना, तर दाण्यांबरोबर तुम्हालाही पाखडीन," असा त्यांनी दम भरलेला होता.

सत्त्याऐंशी सालच्या थंडीत जळगावला शाळांचं कला आणि संस्कृती प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक शाळेने गावातली एक जुनी वस्तू न्यायची होती. मास्तरांना शेजारच्या भागाबाईंची बडगी आठवली. भाजलेली वांगी ठेचायची ती खोलगट लाकडी बडगी, अखंड खोडातून कोरलेली. भागाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी, निंबा आबांनी, स्वतःच्या हाताने करून दिली होती. आबा जाऊन वीस वर्षं झाली होती, पण गावात कुठेही भरिताची पंगत असली की बडगी आणि भागाबाई अशी जोडी निघायची.

"न्या," भागाबाई म्हणाल्या. "पन शनवारी माह्या नातीचा, रुपाचा साखरपुडा हाये. दीडशे पान उठन. शुक्करवारी मले बडगी पाह्यजे."

"गुरुवारीच देतो, अक्का. आणि नेली तशी नाही, सजवून देतो!"

हे शेवटचं वाक्य भागाबाईंनी ऐकलंच नव्हतं, त्या कोंबडीला हाकलत होत्या. मास्तरांनी त्यांचं गप्प राहणं हाच होकार समजला. पुढे कित्येक दिवस त्यांना ती कोंबडी आठवत राहिली.

घरी आणून बघतात तर बडगी अगदीच उघडीवाघडी. आतून हत्याराचे खरखरीत घाव तसेच राहिलेले, आणि काठाचा एक टवका उडालेला. मास्तरांना निंबा आबांची कीव आली. बिचाऱ्याला कोणी शिकवलं नसेल. त्यांनी आतून घासून घासून लाकूड गुळगुळीत केलं, काठात पुट्टी भरली, बाहेर मोर काढला, आत कमळ काढलं, आणि वर वॉर्निशचे दोन हात मारले.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून धुळ्याच्या सुनंदाबाई आल्या होत्या. डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं मोजकं. बडगीपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मास्तरांचं काळीज सुपाएवढं झालं.

"मोर चांगला आहे," त्या म्हणाल्या. "ही कशाची?"

"भरीत ठेचायची."

"मग आतून अशी गुळगुळीत? वांगं सटकणार नाही?"



बाईंनी काठावरून बोट फिरवलं. "इथे खाच होती का?"

"टवका उडाला होता, बाई. मी बुजवला."

"टवका नसेल हो. वांग्याचं पाणी निथळायला ठेवलेली वाट असेल. आणि बाजूचे हे दोन कान बसल्या बसल्या पायांनी दाबून धरायला. करणाऱ्याने एकही गोष्ट उगाच केलेली नाही."

एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. पण तो 'उगाच' मागेच राहिला आणि नेमका मोरावर जाऊन बसला.

परतीच्या एसटीत बडगी मांडीवर होती. "वा, काय देखणी!" असं शेजारचा प्रवासी म्हणाला. एरवी मास्तरांनी त्याला भुसावळपर्यंत रंगसंगती समजावली असती. आज त्यांनी मोराचं तोंड आपल्या पोटाकडे वळवून घेतलं.

घरी त्यांनी रॉकेल लावून पाहिलं, मग टर्पेंटाइन लावलं. कमळ आणखीच टवटवीत दिसू लागलं. शेवटी एक वांगं भाजून आत ठेचलं. पुष्पाबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "भरीत नाही हे. नव्या घराची चौकट खाल्ल्यासारखं लागतंय."

शुक्रवारी सकाळी मास्तर बडगी घेऊन भागाबाईंच्या ओट्यावर गेले.

"हे कोनाचं आनलं, मास्तर?"

"तुमचीच आहे, अक्का."

भागाबाईंनी नाक जवळ नेलं. मग त्यांचा अंगठा काठावरून सरकत गेला. एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. कुठेच थांबेना.

"आबानं इथी आपला अंगठा ठेयला व्हता. मापाले," त्या म्हणाल्या. "ठेचता ठेचता माह्या हात जाये तिथी."

त्या रागावल्या असत्या तर मास्तरांना किती बरं वाटलं असतं! पण त्या नुसत्या आत गेल्या आणि कोणाची बडगी मिळते ते बघ म्हणून सुनेला सांगू लागल्या.

साखरपुड्याला उसनी बडगी आली. तिला खाच नव्हती. भरिताला पाणी राहिलं. "अक्का, आज जरा पातळ झालं का हो?" असं व्याह्यांनी विचारलं, तशी भागाबाईंनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा. पंगतीत मास्तर तीनदा भरीत मागून जेवले. पोट बिघडलं, पण अपराध तसूभरही कमी झाला नाही.

रंगवलेली बडगी अंगणात गेली, कोंबड्यांना पाणी प्यायला. मास्तरांनी वॉर्निश उत्तम प्रतीचं वापरलं होतं, त्यामुळे उन्हात मोर झळाळायचा. रोज सकाळी दात घासताना मास्तरांना दिसायचं, कमळावर चोची मारणाऱ्या कोंबड्या.

पंधरा दिवसांनी ते वना सुताराकडे गेले. "भागाबाईंसाठी नवी बडगी कर. होती तशी."

"होती तशी म्हंजे कशी? खाच केवढी व्हती? कान किती वर?"

बावीस वर्षं चित्रकला शिकवणाऱ्या मास्तरांना सांगता येईना. त्यांनी ती वस्तू रंगवली होती, पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते कागद, पेन्सिल आणि चाकू घेऊन कोंबड्यांच्या घोळक्यात उकिडवे बसले. काठातली पुट्टी कोरून काढत होते, इतक्यात भागाबाई आल्या.

"आता काय, लांडोर काढता?"

"नाही, अक्का. माप घेतोय."

भागाबाई वाकून कागद बघत राहिल्या. दोन कान, एका अंगाला उतरता काठ, आतले उरलेसुरले घाव. एक पानही जास्तीचं नव्हतं. त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि अंगठा मोकळ्या झालेल्या खाचेत ठेवला. तो आत सैल हलला.

"आबाचा मोठा व्हता," त्या म्हणाल्या. "वनाले सांगा, मास्तरच्या अंगठ्याचं माप नोका घेऊ."

नवी बडगी झाली. होळीच्या आधी एका दुपारी भागाबाईंकडून भरिताची वाटी आली. पाण्याचा थेंब नाही. वाटी समोर ठेवून मास्तरांनी पुष्पाबाईंना विचारलं, "अक्का काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ठीक हाये."

"भरीत का बडगी? का मी?"

"ते मी नाही विचारलं. तुम्ही विचारा."

मास्तर ओट्यावर आले. पलीकडे भागाबाई कोंबड्यांसाठी जुन्या बडगीत घागर रिकामी करत होत्या. पाणी कमळावर चढलं, काठाशी आलं, आणि आबांच्या खाचेतून सरळ बारीक धारेने मातीत उतरू लागलं.  धार थांबेपर्यंत मास्तर तिथेच उभे राहिले.