वायरलेसची खरखर

आमच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, जुना वायरलेस संच टेबलावर पोट उघडून पडला होता आणि त्याच्यासमोर मी, कंबर धरून. अण्णांचं बोलणं खाडीपलीकडच्या बाळूकाकांना ऐकू जात होतं; काका ओसरीतला दिवा मिचकावून तसं कळवत. पण काकांचं अवाक्षर इकडे येत नव्हतं. फोन दोघांकडेही आहेत. "फोन करायला काहीतरी काम लागतं," अण्णा म्हणतात. बिनकामाच्या गप्पा त्यांना याच खोक्यावर जमतात. आठवडाभर त्या बंद होत्या आणि अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

मी एरियलची तार घासली, स्पीकर बदलला, एक धडधाकट वायर तोडून पुन्हा जोडली. शेवटी बायको म्हणाली, "ते डावीकडचं बटण मीच पिळून ठेवलंय हो. खरखरीनं डोकं उठलं होतं."

ते बटण खरखर दाबतं. जास्त पिळलं, की लांबून येणारा बारीक आवाजही गिळून टाकतं. दमलेली माणसंही बहुधा हेच करतात. मीसुद्धा घरी आलो की सगळ्यांना सरसकट ‘हं’ म्हणतो. त्यात कोणाचं काय ऐकायचं राहतं, कोण जाणे.

बटण मागे फिरवलं. घरभर खरखर पसरली. बऱ्याच वेळानं तिच्यातून काका उमटले, "अण्णा, आठवडाभर तूच बोलतोयस. आता माझं ऐकशील का जरा?"

"ऐकतोय रे, बोल," अण्णा म्हणाले.

बायकोनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.