फाटलं कसं, ते आधी ऐका!

मिरजेत अक्कांच्या दुकानात मी मशीनवर बसते, त्याला बारा वर्षं झाली. आम्ही नवीन काही शिवत नाही, फक्त फाटलेलं दुरुस्त करतो. आणि गंमत बघा, नवीन कपडा शिवायला आलेला माणूस माप देतो आणि जातो. फाटका घेऊन आलेला मात्र, तो कसा फाटला हे सांगितल्याशिवाय खुर्चीतून उठत नाही! आम्ही विचारलेलंसुद्धा नसतं हो! अशानं किस्से एवढे साठलेत, की घरी एक सांगायला घेतला की निम्म्यात दुसराच आठवतो.

कडेगावकडचा एक ऊसवाला गडी मुलगी बघायला मिरजेत आला. मोटरसायकलवरून पाय टाकून उतरला आणि पँट मागून टर्रकन गेली! आमच्या दुकानात पडद्याआड टॉवेल गुंडाळून उभा, आणि तिकडून पाहुण्यांचे फोनवर फोन. मी आतून कापड लावून झिगझॅग मारली, पण घाईत दोरा जरा गडद लागला.

"दिसतंय व्हय?" त्यानं विचारलं.

"उठू नका, म्हंजे दिसणार न्हाई," अक्का म्हणाल्या.

महिन्यानं पठ्ठ्या पेढे घेऊन हजर! "अक्का, उठलोच की मी! पोरीच्या आजीनं बघितलं आन् म्हणाली, शिवून वापरतोय, गडी संसारी हाय. द्या पोरगी!"

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सर्जन आहेत. अक्कांचं पोटाचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. एकदा त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा निघाला, तो अक्कांनी स्वतः लावून दिला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, कोट उजेडात धरला आणि म्हणाले, "अक्का, शिवण जरा तिरकी गेलीय."

अक्कांनी मान वर न करता दुसरी सुई ओवली. "डॉक्टर, माज्या पोटावरची मी बोलले का?"

एक रिटायर सुभेदार आले. मुलाच्या चार पँटी टेबलावर आपटल्या. "सब खिसे बंद करा! पोरगा हात खिशात घालून उभा ऱ्हातोय, बापापुढं!" शिवले. दुपारी मुलगा येऊन उसवून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सुभेदार परत त्याच पँटी घेऊन आले, संध्याकाळी परत मुलगा! चौथ्या दिवशी सुभेदारांच्या बायकोच आल्या, हातात सुभेदारांच्या पँटी.

"ह्यांचं बी खिसं शिवून टाका," त्या म्हणाल्या. "शुगर हाय, आन् धुताना रोज गुळाचा खडा घावतोय!"

मिरजेत तंबोरे बनतात, त्यामुळे त्यांच्या गवसण्या, म्हणजे कापडी खोळी, आमच्याकडे नेहमीच येतात. एकदा बाहेरगावचे एक गवईबुवा फाटकी गवसणी घेऊन आले. गाडीला अर्धा तास. मी टीप मारायला लागले, मशीनची मोटर घूं करायला लागली आणि बुवांनी डोळे मिटले.

"काळी एकचा सूर!" म्हणाले, आणि थेट आलापच सुरू! भाजी घ्यायला निघालेल्या बायका दारात थांबल्या. मला तर काटा आला अंगावर! टीप संपली, मी पाय काढला, मोटर बंद.

"बंद का केलं?" बुवा ओरडले.

"शिवून झालं, बुवा."

"मग उसवा आणि पुन्हा मारा!"

पण सगळ्यात भारी, शेजारच्या मंगल कार्यालयातलं लग्न. नवरदेव फौजी. शेरवानीचं बटण लावून घ्यायला स्वतःच आला होता. बटण लावून तो निघणार, तोच लाइट गेली आणि मागच्या दारानं नवरी शिरली, रडत! जिन्याच्या खिळ्याला अडकून शालू वीतभर फाटलेला. वारलेल्या आईचा शालू. बरोबरची मावशी म्हणत होती, "दुसरी साडी नेस गं." आणि ती एकच म्हणत होती, "हाच नेसणार. न्हाईतर मी उभीच ऱ्हात न्हाई."

मुहूर्ताला दहा मिनिटं, आणि मशीन विजेवरचं! चाक हातानं फिरवता येतं, पण जरीचं जड कापड धरायला माझे दोन्ही हात हवेत. अक्कांनी निऱ्या उचलून धरलेल्या.

"चाक मी फिरवतो," नवरदेव म्हणाला.

"मुहूर्ताआधी तोंड बघायचं न्हाई!" मावशी किंचाळली, आणि तिथलाच टॉवेल दोघांच्या मधे ताणून उभी राहिली. टॉवेलाच्या अलीकडं नवरी, नेसल्या शालूसकट स्टुलावर. पलीकडं फौजी, बाह्या सारून.

"हळू रं गड्या! तू बॉर्डरवर न्हाईस!" अक्का ओरडल्या.

एकेक टाका मोजून पडत होता. माझ्या कपाळावरचा घाम शालूवर पडू नये म्हणून मावशी ताणलेल्या टॉवेलच्याच टोकानं टिपत होती. शेवटचा टाका पडला आणि लाइट आली! नवरीनं शिवणीवरून एकदा हात फिरवला, आणि उठून पळाली.

आम्हीही मागोमाग मांडवात. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू. एका कडव्याच्या मधेच भटजींनी दम घेतला. सगळं शांत. माइक मात्र चालू! आणि स्पीकरमधून फौजीचा हळू आवाज आला, "टाका धरला का गं?"

पलीकडून नवरी म्हणाली, "धरला!"

'सावधान' व्हायचं होतं अजून, तरी सगळ्या मांडवानं अक्षता टाकल्या!