पहिला ब्रेक पाहुण्याचा

खालापुरात सलूनच्या मागच्या खोलीत आम्ही कॅरम खेळायचो. तिथला राजा म्हणजे कुंभिवलीच्या कारखान्यातला एक फिटर. नेम असा, की राणी आधी घ्यावी की नंतर, एवढाच त्याला प्रश्न पडायचा. पण समोर नवा माणूस बसला की पहिला ब्रेक त्यालाच. "पाहुणा हाय रं," म्हणायचा आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघायचा. त्याचा दुसरा दंडक म्हणजे जिंकेल त्याने हरलेल्याला चहा पाजायचा. रोज तोच जिंकायचा, त्यामुळे आम्ही सगळे त्याच्या चहावर पोसलो होतो.

ऐंशीनंतर कधीतरी खोपोलीत व्हिडिओ गेमचं मशीन आलं. आमचा माणूस त्यालाही लोळवणार, अशी बढाई मारत आम्ही त्याला मिरवत नेलं. त्याने सवयीने आधी मशीनच्या काचेवर खिशातली कॅरमची पावडर भुरभुरली. मालक खेकसला. मग नाणं टाकून तो स्टुलावर बसला, हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे अदबीने बघत राहिला. पडद्यावर त्याच्या विमानावर वरून बॉम्ब पडायला लागले.

"अहो दादा, बटण दाबा की," मी ओरडलो.

"थांब रं. ह्यो खोपोलीत नवा हाय. त्याला आदी खेळू दे."

त्याची तिन्ही विमानं जळाली. हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं. तो उठला, हातावरची पावडर झटकली आणि मशीनच्या पाठीवर थाप मारली.

"जिंकलास ना रं? चल मग, च्या पाज."