पंधरा हजार किलोमीटरचा पंडित

मिनासला मेलबर्न तोंडपाठ होतं. किथिरा बेटावरच्या निम्म्या घरांतली पोरं ऑस्ट्रेलियात, त्यामुळे स्ट्रातिसच्या कॉफीच्या दुकानात त्याला श्रोत्यांची कधी वाण पडली नाही.

"अथेन्स ते मेलबर्न पंधरा हजार किलोमीटर. हवेत एकोणीस तास, मध्ये तीन तासांचा थांबा. बावीस!" असं ठोकून द्यायचं आणि वर म्हातारा एवगेनिस समोर असेल तर मुद्दाम म्हणायचं, "ज्याला ओढ आहे, त्याला बावीस तास म्हणजे काय?" एवगेनिसचा मुलगा नऊ वर्षांत आला नव्हता. तो बिचारा कपात बघत बसे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! हा विद्वान जन्मात विमानात बसला नव्हता. पाऊण तासात अथेन्सला नेणारं विमान सोडून तो दिवसभर बोटीत ओकत जाई. पोटची पोर थेक्ला मेलबर्नला जाऊन चौदा वर्षं झाली, पण ह्याची ओढ खिशातल्या वहीत टिपलेल्या आकड्यांपुढे काही सरकली नाही. भित्रा लेकाचा, दुसरं काय!

थेक्लाला दुसरा मुलगा झाला. पहिल्याला रीतीप्रमाणे सासऱ्याचं नाव गेलं होतं. दुसऱ्यावर हक्क आईच्या बापाचा. मिनास गावभर फुगून फिरला. मग तिचा फोन आला.

"बाबा, बाप्तिस्म्याला दोघंही या. तिकिटं मी काढते."

"अगं, बावीस तास! माझे गुडघे..."

"ओढ असली तर बावीस तास म्हणजे काय? तुमचंच वाक्य ना हे?"

"त्यापेक्षा तूच बाळाला घेऊन ये. आपल्या चर्चमध्ये करू."

"आईला द्या फोन," थेक्ला म्हणाली.

त्याची बायको गारिफालिया बोटीच्या धक्क्यापलीकडे फारशी कधी गेली नव्हती. तिने शेजारणीची बॅग मागून आणली, बदामाच्या वड्या भरल्या आणि दारात थांबून विचारलं, "येताय?"

"नाव माझंच ठेवायचंय ना? त्याला मी कशाला हवा तिथे?"

"बरं," म्हणाली आणि गेली.

रविवारी सकाळी मिनास इस्त्रीचा सदरा घालून दुकानात हजर. सगळ्यांना त्याच्यातर्फे ब्रँडी. फोन टेबलाच्या मधोमध, शेजारी आकड्यांची वही. तो वाजला तसा त्याने आवाज मोठा केला.

"झालं हो," गारिफालियाचा आवाज आला. "पाण्यात बुडवलं तरी रडला नाही."

"नाव सांग! मोठ्याने सांग, सगळे ऐकतायत."

"गारिफालोस."

बायकोचं नाव, मुलाला शोभेलसं केलेलं.

"मी नको नको म्हणत होते," ती म्हणाली. "पण थेक्ला ऐकेना. म्हणाली, जो आला त्याचं नाव."

मग एवगेनिसने सावकाश ग्लास उचलला. "गारिफालोसला उदंड आयुष्य! मिनास, मेलबर्न किती किलोमीटर म्हणालास रे?"

मिनासने वही खिशात सारली.

"लांब आहे," तो म्हणाला.